फुकट नको, किंमत सांगा!

फर्स्ट इयरला आमच्या होस्टेलच्या जिन्याखाली एक मोठा खोका ठेवलेला असायचा. त्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'नको असलेले कपडे इथे टाका, गरजूंनी घेऊन जा.' बोरी अरबहून नागपूरला आले तेव्हा माझ्या बॅगेत तीन ड्रेस होते आणि कॉलेज आठवड्याचे सहा दिवस. गणित काही जमत नव्हतं. एका रात्री साडेदहानंतर, पॅसेजमध्ये कुणी नाही हे बघून मी त्या खोक्यातून एक निळा कुर्ता उचलला. खोक्यात हात घालताना छाती अशी धडधडत होती, जणू चोरीच करतेय.

कुर्ता मस्त होता. धुतला, इस्त्री केली आणि सोमवारी घालून गेले. कॅन्टीनमध्ये आमच्याच वर्गातली एक मुलगी आनंदानं ओरडली, "अय्या, हा तर माझा कुर्ता! किती छान दिसतोय गं तुला!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. टेबलावर आम्ही सात जणी होतो. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. तो कुर्ता मी पुन्हा घातला नाही.

आता दुसरी गोष्ट. फायनल इयरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये काही मुलींनी एका वर्गात जुन्या वस्तूंचं दुकान मांडलं. कपडे धुऊन, बटणं लावून, हँगरवर. पुस्तकं, पर्स, कुकर, एक टेबल फॅन. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर किंमत. जमलेले पैसे परीक्षेची फी अडलेल्या मुलींसाठी. तिथं मला एक काळा ब्लेझर मिळाला, १२० रुपयांना. आधी मी तीन रांगा उलथ्यापालथ्या केल्या, दोन ब्लेझर घालून बघितले, एकाची बाही लांब, दुसऱ्याचं अस्तर फाटलेलं. तिसरा अंगात बसला तो असा, की टेलरला माप देऊन शिवलाय. आतल्या खिशात एसटीचं जुनं तिकीट निघालं, शाई उडालेलं. कुणाचं, कुठून कुठं, काहीच वाचता येईना. तो ब्लेझर कुणी दिला हे मला माहीत नाही आणि मी घेतला हे त्या देणाऱ्यालाही माहीत नाही. याच ब्लेझरमध्ये मी या पेपरच्या इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू दिला.

कुर्ताही जुना, ब्लेझरही जुना. दोन्ही दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले. मग एक ट्रंकेत तळाशी का आणि दुसरा मी हौसेनं सगळ्यांना दाखवत का फिरले? बरेच दिवस विचार करून मला एकच उत्तर मिळालं. ते १२० रुपये.

ब्रिटनमध्ये अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्यांना चॅरिटी शॉप म्हणतात. आमच्या कॉलेजची एक सिनिअर तिकडे मास्टर्सला गेली. ती सांगत होती की थंडीचा पहिला कोट, तवा, दोन पातेली आणि टेबल लॅम्प, सगळं तिनं अशाच दुकानांतून घेतलं. लोक घरातल्या नको असलेल्या चांगल्या वस्तू दुकानात आणून देतात, स्वयंसेवक त्या निवडतात, किंमत लावतात आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली, ती ग्रीसमधल्या उपाशी लोकांना अन्न पोचवण्यासाठी. युद्ध संपल्यावर काही काळातच तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर तिचं दुकान उघडलं. आज ब्रिटनमध्ये अशी सुमारे १० हजार दुकानं आहेत. हृदयरोगावरच्या संशोधनासाठी, कॅन्सरसाठी, शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थांसाठी. सिनिअरचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. ती म्हणाली, "इथं लायनीत माझ्यापुढे आमचे प्रोफेसर असतात. मग लाजायचं कुणाला?"

गरिबासाठी वेगळा दरवाजा नाही, हीच त्या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट. जो आत येतो तो गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाला नाक मुरडता येतं! रंग आवडला नाही, ठेवून देता येतं. फुकट घेणाऱ्याला ही सोय नसते. मिळालं ते गोड मानून घ्यावं लागतं, वर कृतज्ञ चेहरा करावा लागतो.

आपल्याकडे हे नव्हतंच असं समजू नका. भांडेवाली आठवते? डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. पुण्या-मुंबईकडे बोहारीण म्हणतात. आमच्या ओसरीत ती बसली की तासभर तमाशा. आई दोन पँट आणि एक साडी पुढे करणार, ती साडीचा काठ उजेडात धरून भोक शोधणार, आई डब्यावर बोट ठेवणार, ती त्याच्या अर्ध्या आकाराची वाटी काढणार. शेवटी अजून एक शर्ट देऊन डबा घरात. दोघींनाही वाटायचं आपणच जिंकलो. त्या व्यवहारात कुणी कुणावर उपकार केले नव्हते. ते कपडे पुढे दुरुस्त होऊन बाजारात विकले जायचे, म्हणजे आईची साडी कुठल्या तरी बाईनं भाव करून घेतलेली असणार. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आमच्या नागपुरात बर्डीवर मिळणारी सेकंडहँड पुस्तकं, सगळीकडे हेच सुख. शोधा, उलटून बघा, भाव पाडा.

आणि जुन्याची किळस तर आपल्याला कधीच नव्हती. बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते जुन्या मऊ लुगड्यात. गोधडी आजीच्या जुनेराचीच लागते. मोठ्या बहिणीचा ड्रेस धाकटीला, हे तर घराघरातलं. लाज वाटते ती घराबाहेरच्यानं दिलेलं घालायची, आणि त्यातही त्यानं 'मी दिलं' हे लक्षात ठेवलेलं असेल तर.

म्हणूनच मला 'माणुसकीची भिंत' या प्रकाराबद्दल थोडं बोलायचंय. राग मानू नका. २०१५ च्या हिवाळ्यात इराणच्या मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि नको असलेले कोट तिथं टांगा, हवे असतील त्यांनी न्या, असं लिहिलं. कल्पना जगभर गेली. वर्षभरात आपल्याकडेही भिंती रंगल्या. कोल्हापूरची गाजली, आपल्या जिल्ह्यात पुसदला त्याच नावानं काम उभं राहिलं. ज्यांना रात्री पांघरायला काही नाही त्यांच्यासाठी ही भिंत हवीच, त्यात वाद नाही. पण ज्या भिंती उद्घाटनाच्या फोटोपुरत्या रंगवल्या जातात, तिथं दोन महिन्यांनी जाऊन बघा. खुंटीवर एक पाय फाटलेली पँट, खाली पावसात भिजलेला ढीग, आणि भिंत नेमकी चौकात. चौकात उभं राहून, येणारा-जाणारा बघत असताना, कुठला कॉलेजचा मुलगा तिथून शर्ट उचलेल? मी तर रात्री साडेदहाला, रिकाम्या पॅसेजमध्येसुद्धा घाबरले होते.

'गूंज' या संस्थेला हे बरंच आधी उमगलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत कपडे नुसते वाटत नाहीत. गावकरी मिळून विहीर खोदतात, रस्ता किंवा बंधारा करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे व वस्तूंचा संच मिळतो. म्हणजे घरी नेलेलं स्वेटर कुणी दिलेलं नसतं, कमावलेलं असतं. मोबदला घामाचा असो की १२० रुपयांचा, काहीतरी दिल्यावर मान वर राहते.

२०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या मोहिमेत शहराशहरांत 'आरआरआर' केंद्रं उघडली. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी, प्लास्टिक तिथं नेऊन द्यायचं. चांगलंच आहे. पण ती योजना नगरपालिका, महापालिकांची. बोरी अरबला ग्रामपंचायत. आमच्याकडे वस्तू पोचते ती भांडेवालीकडे, नाहीतर उकिरड्यावर.

उकिरड्यावर टाकलेला सुती शर्ट बघितला की आमच्या घरात वेगळाच हिशोब सुरू होतो, कारण आम्ही कापूस पिकवणारे. बाबांना मी एकदा विचारलं, एका शर्टात कापूस किती? त्यांनी भिंतीला टेकून तोंडी गणित केलं. क्विंटलभर कापसातून सरकी काढली की रुई उरते ३४ किलोच्या आसपास. शर्ट पाव किलोचा, त्यात सूतगिरणीतली घट धरा, म्हणजे पाऊण ते एक किलो कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७५२१ रुपये. म्हणजे शर्टात शेतकऱ्याचे ६० ते ७० रुपये. मॉलमध्ये तोच शर्ट हजाराला जातो. बाकीचे कुठं जातात हा प्रश्न बाबांनी विचारला नाही, नुसतं हसले. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असा डब्ल्यूडब्ल्यूएफचा आकडा आहे. आमची पऱ्हाटी बहुतेक कोरडवाहू, तिचं पाणी म्हणजे आभाळाची मर्जी. एवढं सगळं पणाला लावून झालेलं कापड चार वेळा घालून फेकायचं? गॅदरिंगमधल्या दुकानात ६० रुपयांची चिठ्ठी लावलेला एक पांढरा शर्ट होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही किंमत बरोबर आहे.

आता थोडी चिडचिड. इन्स्टावर 'थ्रिफ्ट' नावाची पेजेस बघितली असतीलच. जुनं जॅकेट, मागे झाडं, मंद उजेड, किंमत १४०० रुपये, आणि खाली लिहिलेलं 'प्री-लव्ह्ड'. आमच्याकडे याच जॅकेटला 'उतरलेलं' म्हणतात. ज्याच्याकडे नवं घ्यायचे पैसे आहेत त्यानं जुनं घातलं की स्टाईल, आणि ज्याच्याकडे नाहीत त्यानं घातलं की बिचारा! गंमत म्हणजे दोघांचा माल कदाचित एकाच गठ्ठ्यातला असतो. परदेशातल्या चॅरिटी शॉपमध्ये न खपलेल्या कपड्यांच्या गाठी जहाजानं गुजरातच्या कांडला बंदरात येतात. तिथं निवडून काही आफ्रिकेला जातात, लोकरीचे कपडे कापून पानिपतला, जिथं त्यांचं सूत होऊन ब्लँकेटं बनतात. नियमानं ते इथल्या बाजारात सरसकट विकता येत नाहीत. तरी त्यातले बरेच बाजारात झिरपतात, हे काही गुपित राहिलेलं नाही. तेव्हा दारव्ह्याच्या बाजारात चादरीवर टाकलेल्या ढिगातला कोट कधीकाळी लंडनच्या खुंटीवर लटकलेला असू शकतो. त्या ढिगात हात घालायला कुणी लाजत नाही, कारण विकणारा ओरडून भाव सांगत असतो.

माझं मागणं फार मोठं नाही. दर कॉलेजात एक खोली. वर्षातून एकदा गॅदरिंगला नव्हे, दर पंधरवड्याला. एनएसएसची मुलं-मुली चालवतील. नियम दोनच ठेवा. पहिला, जी वस्तू आपण आपल्या मित्राला देणार नाही ती दुकानात येणार नाही. फाटकं द्यायचं असेल तर पोछ्याला घरीच वापरा. दुसरा, देणाऱ्याचं नाव कुठंही लिहायचं नाही, बोर्डावर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. प्राचार्यांपासून शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांनी तिथून काहीतरी विकत घ्यायचं. भाव १०, २०, ५० असे. आणि घासाघीस करू द्या! ब्रिटनमध्ये म्हणे फारशी करत नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्या लोकांना १० रुपये कमी केल्याशिवाय वस्तू आपली वाटत नाही.

बसस्टँडजवळ भाड्यानं मिळणारी एक खोली मी बोरीतही हेरून ठेवली आहे. गाव लहान, सगळे सगळ्यांचे कपडे ओळखतात, ही अडचण खरीच. त्यावर उपाय, बोरीचा माल दारव्ह्याला आणि दारव्ह्याचा बोरीला. एसटी आहेच.

दिवाळीत घरी गेले तेव्हा ब्लेझर घालूनच उतरले. उकडत होतं, तरी. आईनं बाहीवरून हात फिरवला, अस्तर उलटून शिवण बघितली, भांडेवाली बघायची तसं उजेडात धरून. मला वाटलं आता विचारेल, कुणाचा? तसं काही झालं नाही.

"कितीले घेतला वं?"

"एकशे वीसले. जुना आहे."

"ते दिसते मले. शंभर म्हनाले का झालं होतं तुले?"