न दिसणारे नाटक

नाटक म्हटले की रंगमंच, पडदे आणि पोशाख हवेतच, असे पुष्कळांना वाटते. हा समज किती अपुरा आहे, हे ल्युसिल फ्लेचर या लेखिकेच्या ‘सॉरी, राँग नंबर’ या श्रुतिकेवरून कळून येते. अमेरिकेतील सीबीएस नभोवाणीवर १९४२ ते १९६२ या काळात ‘सस्पेन्स’ ही रहस्यमालिका चालत असे. तिच्यात २५ मे १९४३ रोजी ही श्रुतिका प्रथम ध्वनिक्षेपित झाली.

मिसेस स्टीव्हन्सन ही आजारी स्त्री न्यूयॉर्कमधील आपल्या घरी रात्री एकटीच अंथरुणावर पडलेली आहे. पतीच्या कचेरीचा टेलिफोन सारखा गुंतलेला लागतो. तोच तारांची काही गल्लत होऊन दोन अनोळखी माणसांचे संभाषण तिच्या कानी पडते. सव्वा अकराला पुलावरून आगगाडी जाईल, तिच्या खडखडाटात त्या बाईची किंकाळी बुडून जाईल, असा तो वधाचा बेत असतो. ती टेलिफोन-कचेरीला कळविते, पोलिसांना कळविते. पण तिचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही. ‘ती बाई’ म्हणजे आपणच, हे तिला उमगते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अ‍ॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीचा आवाज हाच या श्रुतिकेचा प्राण, असे म्हणतात. ते खरेच आहे. तथापि अर्धे श्रेय पलीकडून येणाऱ्या शांत आवाजांना द्यावयास हवे. टेलिफोनवरील मुलगी उद्धट नाही. ती नियमाप्रमाणेच बोलते. प्रत्येक जण आपापले काम करीत असतो, आणि तरी एक जीव जातो! मारेकऱ्यापेक्षा या थंड सौजन्याचेच अधिक भय वाटते. त्यातून मिसेस स्टीव्हन्सन स्वभावाने किरकिरी. श्रोताही प्रथम तिला कंटाळतो, आणि तिचे न ऐकणाऱ्यांत आपणही होतो हे ध्यानी येताच ओशाळतो.

पहिल्या प्रयोगात शेवटी एका नटाचे वाक्य वेळेवर आले नाही. तेवढ्याने कित्येकांना शेवटच कळला नाही. रंगमंचावर अशी चूक डोळ्यांनी सावरून घेतली असती. येथे शब्द हुकला की सारेच हुकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही श्रुतिका पुन्हा सादर झाली.

१९४८ साली या कथेवर चित्रपट निघाला. पटकथा फ्लेचर यांचीच. परंतु अर्ध्या तासाच्या गोष्टीत पूर्वकथेची भर पडून ती सुमारे दीड तासाची झाली. बार्बरा स्टॅनविक यांनी कामही उत्तम केले. मात्र प्रेक्षकाला अंधार, जिना, खिडकी सारे आयते दिसले. श्रोत्याला तो जिना आपल्याच घरातला वाटत असे.