कोयता नव्हे, संशय

जपानमधील क्योतानाबे शहरात १८ सप्टेंबर २००७ रोजी सोळा वर्षांच्या एका मुलीने आपल्या पोलीस पित्याची कुऱ्हाडीने हत्या केली, आणि या घटनेचे पडसाद दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकांवरही उमटले. एका वाहिनीने ‘स्कूल डेज’ या मालिकेचा अखेरचा भाग रद्द करून त्या जागी निसर्गदृश्ये दाखविली. ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’ या मालिकेचे दुसरे पर्व काही वाहिन्यांनी थांबविले. या मालिकेतील शाळकरी मुलीच्या हाती कोयता असतो, एवढे कारण पुरेसे ठरले.

हत्येनंतरच्या आठवड्यात असली दृश्ये टाळावीत, हे वाहिन्यांचे भान समजण्यासारखे आहे. परंतु कोयता म्हणजेच ‘हिगुराशी’, हा समज मात्र मूळ कृतीवर अन्याय करणारा आहे.

हिगुराशी म्हणजे तिन्हीसांजेला ओरडणारा एक कीटक. र्युकिशी झीरो सेव्हन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ही कथा २००२ ते २००६ या काळात आठ भागांत, संगणकावर वाचावयाची सचित्र कादंबरी म्हणून स्वतःच प्रसिद्ध केली. विक्रीची सुरुवात तोक्योतील ‘कॉमिकेट’ या हौशी प्रकाशकांच्या मेळ्यात झाली. चित्रे ओबडधोबड, पात्रांना आवाज नाही आणि ‘गेम’ म्हणावे तर खेळणाऱ्याला पर्याय निवडण्याची सोयही नाही. वाचावे, आणि पुढला भाग येईपर्यंत तर्क लढवीत बसावे.

कथा घडते जून १९८३ मध्ये, हिनामिझावा या काल्पनिक खेड्यात. गिफू प्रांतातील शिराकावा या उतरत्या गवती छपरांच्या, १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या गावावरून ते बेतलेले आहे. धरणाखाली जाऊ पाहणारे हे गाव लढून वाचले. पण त्यानंतर दरवर्षी ग्रामदेवतेच्या उत्सवाच्या रात्री एक जण मरतो आणि एक बेपत्ता होतो. (धरणग्रस्तांचा क्षोभ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा धागा परका वाटू नये.) शहरातून नव्याने आलेल्या केइचीला वाटू लागते, की मैत्रिणीच आपल्या जिवावर उठल्या आहेत. वाचकालाही तसेच वाटते, कारण तो केइचीच्याच डोळ्यांनी पाहत असतो. ही समजूत भ्रामक होती, मारेकरी तोच होता, हे उघड होते थेट २००५ मधील सहाव्या भागात. तीन वर्षे वाचकाने निरपराधांवर ठेवलेला संशय त्याच्याच पदरी पडतो!

२००६ मधील पहिल्या ॲनिमेशन मालिकेने हे सारे सव्वीस भागांत, सहा महिन्यांत उरकले. प्रतीक्षा गेली, तर्काला अवधी उरला नाही. लक्षात राहिले ते रक्त. २००७ मध्ये प्लेस्टेशनसाठी आलेल्या आवृत्तीत आवाज, रेखीव चित्रे आणि पर्यायही आले. पुढे २००८ व २००९ मध्ये चित्रपट निघाले. २०२० व २०२१ मध्ये पुन्हा मालिका आल्या. त्यांपैकी पहिली जुन्या कथेची पुनरावृत्ती म्हणून सुरू झाली आणि दुसऱ्याच भागात नवी कथा ठरली. प्रेक्षकाला पुन्हा अंदाज बांधायला लावण्याची ही युक्ती तरी मूळ वृत्तीला धरून होती. वाहिन्यांनी कोयता पाहून घाबरावे, याची निम्मी जबाबदारी रूपांतरकारांवरही येते.

याच लेखकाची कथा असलेला ‘सायलेंट हिल एफ’ हा कोनामीचा खेळ सप्टेंबर २०२५ मध्ये बाजारात आला, तो जपानमध्ये केवळ अठरा वर्षांवरील ग्राहकांसाठी. १९६० च्या दशकातील एक खेडे, एक शाळकरी मुलगी आणि तिचे सवंगडी, हीच त्याचीही मांडणी आहे.