गाळलेला गायक, बदललेले मिश्रण

स्तंभ : ध्वनिमुद्रा

हेवी मेटल संगीताच्या चाहत्यांमध्ये दोन वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत. मूळ गायक बाहेर पडल्यानंतर त्याच नावाखाली निघालेले अल्बम त्या बँडचे मानावेत की नाहीत, हा पहिला. आणि जुना अल्बम नव्याने बाजारात आणताना त्याच्या ध्वनीत किती फेरफार करण्याची मुभा असावी, हा दुसरा. हे वाद बहुधा स्वतंत्रपणे मांडले जातात आणि त्यांतील बाजूही स्वतंत्रपणे घेतल्या जातात. परंतु दोहोंच्या मुळाशी, एखाद्या बँडचा इतिहास कोणी आणि कोणत्या अधिकाराने ठरवायचा, हा एकच प्रश्न आहे. तो ब्लॅक सॅबथ या बँडच्या बाबतीत जितका लख्ख दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीत वाढलेले टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बोर्न हे चौघे 1968 साली एकत्र आले आणि 1970 ते 1978 या काळात त्यांनी आठ स्टुडिओ अल्बम काढले. 1979 मध्ये ऑस्बोर्नला बँडमधून काढण्यात आले. त्यानंतर रॉनी जेम्स डिओ, इयन गिलन, ग्लेन ह्यूज, रे गिलन आणि टोनी मार्टिन असे गायक एकामागून एक आले. 1992 साली तर जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड दोन रात्रींपुरता या बँडसाठी गायला. या सर्व काळात अखंड टिकून राहिला तो एकटा गिटारवादक आयोमी. या गायकांपैकी बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनने 1987 ते 1995 या काळात पाच स्टुडिओ अल्बम गायले, म्हणजे ऑस्बोर्नखालोखाल सर्वांत जास्त. डिओच्या वाट्याला सॅबथच्या नावाने तीनच आले. असे असूनही सर्वसाधारण श्रोत्याच्या लेखी सॅबथचा इतिहास ऑस्बोर्नपासून सुरू होतो, डिओपाशी एक वळण घेतो आणि थेट मूळ चौघांच्या पुनर्मीलनापर्यंत पोहोचतो. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे अखेरचे एकत्र आले तेव्हा त्यांनी वाजवलेली चारही गाणी 1970 या एकाच वर्षातील दोन अल्बममधली होती. ऑस्बोर्नच्या निरोपाच्या त्या प्रसंगी ते स्वाभाविकच होते, आणि अवघ्या सतरा दिवसांनी त्याचे निधन झाल्यावर त्या निवडीला वेगळेच मोल आले. तरीही, लोकस्मृतीत या बँडचा कोणता काळ उरला आहे हे त्या चार गाण्यांवरून कळून येते.

‘खरा सॅबथ कोणता’ या वादात आवडीनिवडी पुष्कळ बोलल्या जातात, परंतु गायक बदलल्यावर संगीताची बांधणी कशी बदलली याकडे लक्ष कमी जाते. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा आणि गाण्याचा कणा ठरणारा छोटा स्वरसमूह. ‘आयर्न मॅन’ या गाण्यात ऑस्बोर्नची चाल रिफच्या स्वरांवरूनच पावलापावलाने चालते. गळा आणि गिटार एकच वाक्य उच्चारत असल्यामुळे त्या गाण्याला यंत्रासारखे जडपण येते, आणि ते तिथे शोभतेही. दहा वर्षांनंतरच्या ‘हेवन अँड हेल’ मध्ये मात्र कडवे सुरू होताच आयोमी गिटार मागे घेतो, बटलरचा बेस खालच्या स्वरावर ठोका धरून राहतो आणि त्यावरच्या मोकळ्या जागेत डिओ आपली चाल लांबवतो. एकाच गिटारवादकाने दोन गायकांसाठी दोन प्रकारची घरे बांधली, असे म्हणता येईल. मार्टिनच्या काळात हे घर आणखी उंच झाले. 1989 च्या ‘हेडलेस क्रॉस’ मध्ये कोझी पॉवेलचे रुंद, घुमणारे ड्रम, ज्योफ निकल्सच्या कीबोर्डचा मागे पसरलेला पडदा आणि त्यांवर चढत जाणारा मार्टिनचा वरच्या पट्टीतील आवाज यांतून एक भव्य, काहीशी देवळाच्या गाभाऱ्यासारखी घुमारेदार शैली तयार झाली. मार्टिन हा डिओची नक्कल करतो, हा आक्षेप जुना आहे आणि आवाजाच्या जातीपुरता तो खराही आहे. परंतु डिओ शब्दावर आघात करून गातो, तर मार्टिन स्वर धरून ठेवतो आणि त्यावर वाद्यांचा मेळ फुलू देतो. त्या अल्बममधील ‘व्हेन डेथ कॉल्स’ या गाण्यात क्वीन बँडच्या ब्रायन मेने वाजवलेला गिटारचा भाग नीट बसतो, याचे कारण ही ऐसपैस बांधणीच होय.

मग नावाचा प्रश्न येतो. 1986 चा ‘सेव्हन्थ स्टार’ हा अल्बम आयोमीने स्वतःचा म्हणून करायला घेतला होता. ध्वनिमुद्रण कंपनीच्या आग्रहामुळे त्यावर ‘टोनी आयोमीसह ब्लॅक सॅबथ’ अशा अर्थाचे नाव पडले. याच्या नेमके उलट वीस वर्षांनी घडले. आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमवादक व्हिनी अपिसी या ज्या चौघांनी 1981 आणि 1992 चे अल्बम सॅबथच्या नावाने केले होते, तेच चौघे 2006 पासून ‘हेवन अँड हेल’ या नावाने वाजवू लागले आणि 2009 चा अल्बमही त्यांनी त्याच नावाने काढला. त्याच 2009 साली ऑस्बोर्नने नावाच्या मालकीवरून आयोमीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. म्हणजे एका प्रसंगी बँड नसताना नाव होते आणि दुसऱ्या प्रसंगी बँड असताना नाव नव्हते. ज्या रसिकांनी किर्लोस्कर नाटक मंडळीचा इतिहास वाचला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. भाऊराव कोल्हटकरांनंतर बालगंधर्व आणि ते 1913 मध्ये बाहेर पडल्यावर मास्टर दीनानाथ, अशा गळ्यांवर त्या मंडळीचे नाव चालत राहिले, आणि प्रत्येक पिढीच्या प्रेक्षकाला आपल्या वेळची मंडळी तीच खरी वाटली. नावाच्या आधारे खरेखोटे ठरवू पाहणारा चाहता वस्तुतः करारनाम्यांच्या आधारे ते ठरवत असतो, आणि ही कसोटी संगीताची नव्हे.

कराराचाच आणखी एक परिणाम याहून गंभीर आहे. ऑस्बोर्न आणि डिओ यांच्या काळातील अल्बम दर काही वर्षांनी नव्या वेष्टनात, अप्रकाशित गाण्यांची जोड देऊन बाजारात येत राहिले. मार्टिनचे ‘हेडलेस क्रॉस’, ‘टीर’, ‘क्रॉस पर्पझेस’ आणि ‘फॉरबिडन’ हे चार अल्बम मात्र आय.आर.एस. या दुसऱ्याच कंपनीकडून निघाले होते. ती कंपनी बंद पडल्यानंतर ते हळूहळू बाजारातून नाहीसे झाले, आणि इंटरनेटवरून संगीत ऐकण्याची पद्धत रूढ झाल्यावर तिथेही ते बराच काळ उपलब्ध नव्हते. चांगला रसिक म्हणवणाऱ्या तरुण श्रोत्यानेही या काळाबद्दल मत दिले तर ते बहुधा ऐकीव असे. एखादा काळ निकृष्ट म्हणून विसरला गेला की विसरला गेला म्हणून निकृष्ट ठरला, हे अशा वेळी सांगता येत नाही. आणि या चार अल्बमच्या बाबतीत दुसरी शक्यता बरीच मोठी आहे, असे या स्तंभाचे मत आहे.

31 मे 2024 रोजी ‘ॲनो डॉमिनी 1989–1995’ या नावाने हे चारही अल्बम एका पेटीत पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा एक जुना अन्याय दूर झाला. परंतु त्याच पेटीने दुसरा वाद उभा केला, आणि तो समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, मुद्रित केला जातो. या पट्ट्यांची परस्परांशी पातळी ठरवून, त्यांत घुमारा वगैरे मिसळून, त्या डाव्या-उजव्या दोन बाजूंमध्ये एकत्र करणे म्हणजे मिक्स अथवा मिश्रण. तयार मिश्रणावर अखेरचा हात फिरवून ते तबकडीसाठी सिद्ध करणे म्हणजे मास्टरिंग. त्यामुळे ‘रिमास्टर’ केलेल्या अल्बममध्ये झळाळी, जोर किंवा स्वच्छता बदलू शकते, मात्र ड्रम मागे आणि गिटार पुढे ही मांडणी तीच राहते. ‘रिमिक्स’ मध्ये ही मांडणीच नव्याने केली जाते. मूळ पट्ट्या हरवल्या असतील तर रिमिक्स करणे जवळजवळ अशक्य होते. इयन गिलनने गायलेल्या 1983 च्या ‘बॉर्न अगेन’ चा ध्वनी गढूळ असल्याची तक्रार पहिल्या दिवसापासून आहे, तरी 2011 च्या आवृत्तीत त्याचे केवळ रिमास्टर झाले, ते याच कारणाने.

रिमास्टरवरही भांडणे होतात. आवाजातील हळू आणि मोठ्या भागांमधला फरक दाबून सगळेच मोठे करण्याच्या प्रक्रियेला कॉम्प्रेशन म्हणतात, आणि तिचा अतिरेक झाला की ड्रमचा ठोका ठोक्यासारखा लागत नाही, सगळा ध्वनी सपाट भिंतीसारखा अंगावर येतो. मेटालिकाच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ बाबत चाहत्यांनी हे नेमके पकडले. एका व्हिडिओ गेमसाठी दिलेल्या त्याच गाण्यांचा ध्वनी विकत मिळणाऱ्या अल्बमपेक्षा मोकळा आहे, हे त्यांनी आलेख मांडून दाखवले. हे प्रकरण जुन्या अल्बमचे नसले, तरी मेटलचा चाहता किती बारकाईने ऐकतो हे त्यातून ध्यानात येते. अशा श्रोत्यासमोर जुन्या ध्वनिमुद्रणात गुपचूप बदल करणे अवघड असते, आणि नैतिकदृष्ट्या तर ते असमर्थनीय असते.

याचा सर्वांत वाईट दाखला ऑस्बोर्नच्याच एकल कारकिर्दीत सापडतो. त्याच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ या पहिल्या दोन अल्बममध्ये बॉब डेझलीने बेस आणि ली कर्सलेकने ड्रम वाजवले होते. गीतरचनेतही डेझलीचा मोठा वाटा होता. दुसरा अल्बम बाजारात आला तेव्हा वेष्टनावर मात्र नंतर बँडमध्ये आलेल्या दोन वादकांची नावे छापली गेली. मानधन आणि श्रेय यांवरून न्यायालयीन तंटे झाले, आणि 2002 च्या आवृत्तीत या दोघांचे वादन काढून टाकून त्या जागी रॉबर्ट ट्रूहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नवे वादन बसवण्यात आले. गिटारवादक रँडी ऱ्होड्स 1982 मध्येच अपघातात गेला होता. ज्या सोबत्यांच्या ठोक्यावर त्याने आपले स्वर टाकले होते ते त्याच्या पाठीमागून उचलले गेले आणि वीस वर्षांनंतरच्या वादकांना त्या स्वरांशी जुळवून घ्यावे लागले. हे ऐकणाऱ्याला बेस आणि गिटार यांच्यातील संभाषण तुटल्याचे जाणवते, कारण ते संभाषण मुळात झालेलेच नाही. चाहत्यांनी हा प्रकार कधीच स्वीकारला नाही, आणि 2011 च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. मेगाडेथच्या 2004 च्या आवृत्त्यांमध्येही मिश्रण पूर्ण बदलले गेले आणि डेव्ह मस्टेनने काही ठिकाणी आपलाच आवाज नव्याने मुद्रित केला. तिथे गायक तोच असला, तरी कित्येक वर्षांनी वयस्क झालेला गळा तरुण गळ्याच्या जागी बसत नाही.

‘ॲनो डॉमिनी’ मधील ‘फॉरबिडन’ चा प्रश्न इतका उघड अन्यायाचा नाही, आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे. 1995 च्या या अल्बमची निर्मिती रॅप आणि मेटल यांचा मेळ घालणाऱ्या बॉडी काउंट या बँडच्या अर्नी सी याच्याकडे सोपवली गेली, आणि पहिल्या गाण्यात रॅपर आइस-टीचा आवाजही आहे. परिणाम कोणालाच रुचला नाही. गिटार कोरडी आणि पातळ, ड्रम जवळ पण निर्जीव, आणि मार्टिनचा आवाज भोवतालच्या अवकाशाविना उघडा पडलेला, असे ते मिश्रण होते. आयोमीने त्याबद्दलची नाराजी लपवली नाही, आणि 2024 साली त्याने स्वतः या अल्बमचे रिमिक्स केले. नव्या रूपात गिटारला वजन आले आहे, पॉवेलचे ड्रम पुन्हा रुंद झाले आहेत, आणि यातली बरीचशी गाणी मुळात बेताची नव्हती, हे प्रथमच लक्षात येते. संगीत म्हणून नवे मिश्रण निःसंशय सरस आहे. तथापि पेटीत केवळ हेच मिश्रण दिले आहे. 1995 चे मिश्रण त्यात नाही. म्हणजे ज्या पेटीचा हेतू हरवलेला काळ परत देण्याचा होता, तिनेच त्या काळातला एक दस्तऐवज बाजूला ठेवला.

सुधारणा करण्याचा अधिकार आयोमीला आहे, याबद्दल वाद नसावा. हा बँड तगवून धरणारा तो एकटाच होता. परंतु त्या अल्बमवर इतरही वादकांचे काम आहे, त्यांपैकी पॉवेल 1998 मध्ये आणि निकल्स 2017 मध्ये गेला, आणि नव्या मांडणीबद्दल त्यांचे मत कोणाला विचारता येणार नाही. शिवाय फसलेले मिश्रण हेही इतिहासाचा भाग असते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला जुन्या मेटल बँडांवर काळाबरोबर चालण्याचा किती ताण होता, हे ‘फॉरबिडन’ च्या त्या कोरड्या ध्वनीतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही लेखातून होणार नाही. मूळ काढून त्या जागी सुधारित ठेवले, की सुधारणा नेमकी कशाची झाली हेच श्रोत्याला कळेनासे होते, आणि आयोमीच्या परिश्रमांचे मापही हरवते.

मूळ आणि बदललेले शेजारी ठेवले तर काय साधते, हे सॅबथच्याच एका जुन्या आवृत्तीने दाखवून दिले आहे. ‘ॲनो डॉमिनी’ मध्ये नसलेला, कारण तो वेगळ्या कंपनीकडे आहे, असा 1987 चा ‘द इटर्नल आयडल’ हा अल्बम प्रथम रे गिलनने गायला होता. तो सोडून गेल्यावर त्याच वाद्यसंगीतावर मार्टिनने सर्व गाणी नव्याने गायली. 2010 च्या आवृत्तीत दुसऱ्या तबकडीवर गिलनचे गायन दिलेले आहे, आणि दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकल्या की गायक बदलणे म्हणजे काय याचा बोध होतो. चाली बहुतांशी त्याच, गिटार तीच. गिलन मात्र ब्लूजच्या वळणाने स्वर खरवडून, ओळीच्या शेवटी तो वाकवून गातो, तर मार्टिन तोच स्वर सरळ आणि भरीव ठेवतो, त्यामुळे तेच रिफ एकीकडे रगेल आणि दुसरीकडे गंभीर भासते. ‘नाइटमेअर’ या गाण्यात ऐकू येणारे भेसूर हसू तर मार्टिनच्या आवृत्तीतही गिलनचेच राहिले आहे. ‘फॉरबिडन’ ची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तिच्यातही अशीच दुसरी तबकडी असावी, आणि तिच्यावर 1995 चे मिश्रण, जसे होते तसे, एकही पातळी न हलवता दिले जावे.