घरातील हिंसा : जबाबदारी एका खात्याची नव्हे

फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मनमाडला भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुभाव यांचा नकार, हा अर्थही त्यांनी तेथेच स्पष्ट केला. हा अर्थ घराच्या उंबरठ्याबाहेर थांबत नाही. ज्या घरात पत्नीवर हात उगारला जातो, त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असली तरी तेथे समता नांदत नाही. वस्तीतील हे सत्य आपण जयंतीच्या मिरवणुकीत विसरू नये.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो एकाच खात्यावर विसंबत नाही. पीडितेला तिचे हक्क आणि मोफत विधी सहाय्याची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. रुग्णालयाने उपचार आणि आश्रयगृहाने आसरा दिलाच पाहिजे. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा आहे. कलम ११ तर विधी, गृह, आरोग्य आदी खात्यांत समन्वय राखून त्याचा वेळोवेळी आढावा घेण्याचे बंधन शासनावर घालते.

प्रत्यक्षात मात्र हा समन्वय मार खाल्लेल्या बाईलाच करावा लागतो. पोलीस ठाण्यात तिला आपसात मिटविण्याचा सल्ला मिळतो, रुग्णालयात जखमेवर पट्टी बांधली जाते पण जखमेचे कारण विचारले जात नाही, आणि संरक्षण अधिकारी कोठे बसतात हे कोणी सांगत नाही. मनमाडहून नांदगाव, नांदगावहून नाशिक अशा खेपा घालताना तिची मजुरी बुडते. अखेर ती त्याच घरी परतते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना द्यावे लागले, यातच सारे आले.

उणीव कायद्यातही आहे. दंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेशात सोपविलेले काम पुरेशा कारणाविना टाळल्यास संरक्षण अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. परंतु समन्वयाचा आढावा न घेतल्यास कोणी उत्तर द्यावे, हे कायदा सांगत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात पोलीस, आरोग्य, महिला व बालविकास आणि विधी सेवा यांची दरमहा संयुक्त बैठक व्हावी, आणि किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे लोकांसमोर मांडले जावे.

सुट्टीत घरी जाण्याचा दिवस जवळ आला की वसतिगृहातील काही मुले अबोल होतात. त्या अबोलपणाचे कारण शिक्षकांना ठाऊक असते. या शाळेचे माजी विद्यार्थी आज पोलीस ठाण्यांत, रुग्णालयांत, न्यायालयांत आणि पंचायत समित्यांत काम करीत आहेत. कायद्याने सांगितलेले कर्तव्य त्यांच्याच टेबलावर येऊन थांबते. समोरच्या स्त्रीला दुसरीकडे पाठविण्यापूर्वी त्यांनी स्वतः एक दूरध्वनी करावा, एक कागद पुढे सरकवावा. सद्भावनेने माहिती देणाऱ्या कोणाही व्यक्तीस कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा शेजाऱ्यांनी, पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनीही गप्प राहण्याचे कारण उरत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.