कोणता दिवा घ्यावा?

देवगड तालुक्यातील मिठबावला गजबादेवीच्या मंदिरापाशी अमावास्येच्या आसपास एखाद्या रात्री उभे राहावे. समोरचा समुद्र काळाकुट्ट असावा, आकाशात तेवढे तारे असावेत, अशी आपली अपेक्षा. परंतु मासेमारीच्या हंगामात कधी कधी क्षितिजावर एखादे गाव वसल्यासारखा पांढरा उजेड दिसतो. तेथे गाव नसते. तेथे नौका असतात आणि त्यांच्याभोवतीचे पाणी एलईडी दिव्यांनी उजळलेले असते. आपल्याकडे दिवा हे मांगल्याचे प्रतीक. सांजवात लावताना हात आपोआप जोडले जातात. हा दिवा मात्र फसविण्यासाठी लावलेला आहे.

नौकेला पाण्याखाली लावावयाचे एलईडी दिवे कसे निवडावेत, याविषयीचा सल्ला आज मुबलक मिळतो. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते, निळा आणि हिरवा खोलवर जातो. म्हणून स्वच्छ पाण्यात निळा, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात हिरवा. दिव्याचे कवच खाऱ्या पाण्याने न कुजणाऱ्या धातूचे असावे, सांध्यांतून थेंबभरही पाणी आत जाऊ नये. जुन्या बल्बला लागणाऱ्या विजेत हा दिवा कितीतरी पट उजेड देतो. हे सारे शंभर टक्के खरे आहे. या सल्ल्यात एकच प्रश्न विचारला जात नाही : दिवा हवा कशासाठी?

कोकण किनाऱ्यावर त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. उजेडाकडे प्रथम पाण्यातील सूक्ष्म जीव येतात, त्यांच्या मागे तारली, बांगडा, म्हाकूल येतात. दूरवर विखुरलेले थवे एका जागी गोळा झाले की पर्ससीन जाळ्याचा वेढा पडतो आणि बटव्याची दोरी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळला जातो. आत सापडलेल्या माशाला खाली वाट नाही, बाजूला वाट नाही. पूर्ण वाढलेला मासा आणि यंदाच जन्मलेले पिल्लू, दोघांचे भवितव्य एकच.

याच्याशेजारी आपली रापण ठेवून पाहा. मासा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहायची, जाळे टाकायचे आणि अनेक हातांनी वाळूवर उभे राहून ते ओढायचे. ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा. ज्या वर्षी समुद्र देईल त्या वर्षी घ्यायचे, न देईल त्या वर्षी सोसायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच पाण्यात उतरायचे. हा संयम कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेला नव्हता. थवे बाहेरच्या बाहेर उचलले गेले, तर रापणीच्या दोरीला काय लागणार? हा घाव गाबितांवर पडतो, दालदींवर पडतो, ख्रिस्ती मच्छीमारांवरही तेवढाच पडतो.

यावर तीन युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला, पूर्वीही कंदील आणि पेट्रोमॅक्स होतेच. होते, पण कंदिलाने होडी उजळते, जनित्रावर चालणाऱ्या दिव्यांच्या रांगांनी समुद्र उजळतो. हा फरक प्रमाणाचा वाटतो, परिणामात तो प्रकाराचा ठरतो. दुसरा, जपान हेच करतो. जपानी नौका दिव्यांवर म्हाकूल पकडतात हे खरे, पण प्रामुख्याने गळांच्या दोऱ्यांनी. शिवाय तेथे वर्षाला किती पकडायचे याची मर्यादा सरकार घालून देते. आपण दिवा उचलला, मर्यादा तेथेच ठेवली. फिलिपाइन्सने मात्र १९९८ च्या मत्स्य कायद्यानेच किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्रखर दिव्यांवर बंदी घातली. तिसरा युक्तिवाद प्रगतीचा. बियाण्याचे धान्य दळून खाण्यास कोणता शेतकरी प्रगती म्हणेल? महाराष्ट्राने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मग शेतीचा पहिला नियम येथेही लागू व्हावा.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात असे दिवे मासेमारी नौकांवर बसविण्यास आणि वापरण्यास मनाई केली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती करून एलईडी मासेमारीला पाच ते वीस लाख रुपयांचा दंड ठेवला. नोव्हेंबर २०२५ च्या केंद्रीय नियमांनीही ही पद्धत निषिद्ध मानली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आहे. तरीही अंमलबजावणीचा सारा भर रात्रीच्या पाठलागावर का असावा? गस्तीनौका पोहोचेपर्यंत दिवा विझवता येतो.

दिवसा बंदरात मात्र तो लपत नाही. दिव्यांच्या माळा, जाड केबल आणि एवढी वीज देणारे जनित्र या काही खिशात मावणाऱ्या वस्तू नव्हेत. केंद्राची मनाई 'बसविण्या'लाही आहे, तर तपासणी धक्क्यावरच व्हावी. हंगामापूर्वी प्रत्येक यांत्रिक नौका पाहावी, जनित्राची क्षमता नोंदवावी आणि ज्या नौकेवर हा सरंजाम आढळेल तिला डिझेलचा परतावा मिळू नये. जनतेच्या पैशाने जनतेचाच समुद्र का रिता करावा?

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. एलईडी हा शत्रू नव्हे. नौकेच्या डाव्या बाजूचा तांबडा, उजव्या बाजूचा हिरवा आणि डोलकाठीवरचा पांढरा दिवा हवाच. तो माणसे वाचवितो. गरिबाच्या होडीत कमी विजेवर चालणारा एलईडी आला, तर त्याचे स्वागतच आहे. दिवा कोणत्या देशात बनला, हा प्रश्नही येथे गौण आहे. स्वदेशी दिव्यानेही समुद्र तितकाच रिकामा होतो.

तेव्हा कोणता दिवा घ्यावा, असे विचारणाऱ्या नौकामालकास आमचे उत्तर सरळ आहे : ज्याने वाट दिसते तो घ्यावा, ज्याने वाट चुकवली जाते तो घेऊ नये. हा विवेक नौकामालकास सुचत नसेल, तर तो शिकविणे हे शासनाचे काम आहे. आणि शासनास जागे करणे हे धक्क्यावर उभ्या असलेल्या तुमचे-आमचे.