पोटाला बँड बसतो, तृष्णेला नाही

सोलापूर-पुणे महामार्गावर चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी सुटते, तेव्हा गेटाबाहेरच्या टपऱ्यांवर कढई आधीच तापलेली असते. वडा, भजी, सुशीला आणि भरपूर साखरेचा चहा. टॉवेलच्या कारखान्यात नाहीतर केमिकल, इंजिनिअरिंगच्या कंपनीत रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला त्या वासापासून लांब राहा म्हणून सांगणं सोपं आहे. राहून दाखवणं अवघड आहे.

समजा, त्या टपरीसमोर आपल्या वस्तीतली एक बहीण उभी आहे. वजन फार वाढलं, गुडघे धरले, शुगर वाढली म्हणून वर्षापूर्वी तिने पोटाला बँड बसवून घेतला. त्यासाठी कर्ज काढलं, अंगावरचं सोनं मोडलं. सुरुवातीला वजन उतरलं, मग थांबलं, आता पुन्हा चढायला लागलंय. घरचे म्हणतात, "एवढा पैसा घातला, तरी जिभेवर ताबा नाही!" त्या दिवसापासून ती सगळ्यांसमोर दोन घास खाते आणि लपून बिस्किटाचा पुडा संपवते.

अशी बहीण, असा भाऊ आज कोणत्याही वस्तीत असू शकतो. लठ्ठपणा हा बंगल्यातला आजार राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या दर चार बायकांमागे जवळपास एकीचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. पुरुषांचीही गत फार वेगळी नाही. म्हणून हे लिहायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, की शस्त्रक्रिया पोटावर होते, तृष्णेवर होत नाही. तृष्णेचा इलाज घराने मिळून करायचा असतो, आणि टोमणा हे त्यावरचं औषध नाही.

बँड काय करतो, काय करत नाही

बँड म्हणजे सिलिकॉनचा पट्टा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात. त्यामुळे वर एक लहानशी पिशवी तयार होते, ती थोड्या घासांत भरते आणि पोट भरल्यासारखं वाटतं. पट्ट्याला जोडलेल्या नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली असतं. तिथून सुईने सलाईनचं पाणी घालून किंवा काढून डॉक्टर पट्टा घट्ट-सैल करतात. अमेरिकेत या बँडला २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि काही वर्षं त्याचा फार बोलबाला झाला. पुढे बँड सरकणं, आत रुतणं, वजन पुरेसं न उतरणं अशा कारणांनी अनेकांचे बँड काढावे लागले. आता बहुतेक ठिकाणी जठराचा मोठा भाग कापून काढणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया किंवा आतड्याचा मार्ग बदलणारी बायपास करतात.

भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं एक संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं, त्याचं नाव घ्रेलिन. स्लीव्हमध्ये जठराचा तो भागच जातो, म्हणून काही काळ भूक मंदावते. बँडमध्ये जठर जागच्या जागी राहतं. म्हणजे वाट अरुंद होते, पण बोलावणं सुरूच राहतं. आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांनाही वर्ष-दोन वर्षांनी जुनी ओढ परत येऊ शकते.

खरी अडचण पुढे आहे. बँड बसल्यावर भाकरीचा मोठा घास, मटणाचा तुकडा, कोरडा भात अडकतो. छातीत दाटतं, उलटी होते. पण गोड चहा, आईस्क्रीम, सरबत, चॉकलेट, शेव-फरसाणाचा चुरा सरळ खाली उतरतो. मग माणूस न कळत भाकरी-उसळ सोडतो आणि गोडाकडे वळतो. जेवण कमी दिसतं, वजन मात्र हटत नाही. घरच्यांना वाटतं ही खोटं बोलते. खोटं ती बोलत नाही. शरीराने सोपी वाट शोधलेली असते.

हे व्यसन आहे का?

खाण्याचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने अजून अधिकृतपणे मान्य केलेला आजार नाही. पण त्याची लक्षणं ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. पोट भरलं तरी हात थांबत नाही, ठरवूनही सुटत नाही, त्रास होतो हे कळूनही खाल्लं जातं, असे ते प्रश्न आहेत. आवर न राहता एका बैठकीत भरमसाट खाणं हा आजार तर अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ पासून आपल्या यादीत स्वतंत्रपणे नोंदवला आहे. तेव्हा "हे सगळे नखरे आहेत" असं म्हणणाऱ्याने जरा थांबावं.

खाण्याच्या पदार्थाचाही यात हात असतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वीस माणसांना संशोधन केंद्रातच ठेवून एक प्रयोग झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न, दोन्ही हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन वाढलं. माणसं तीच, मनाचा निग्रह तोच, बदललं होतं ते ताट. दहा रुपयांचा पुडा दर टपरीवर लटकत असताना सगळा दोष एका बाईच्या जिभेवर टाकणं न्यायाचं नाही.

रात्रपाळीचाही वाटा आहे. झोप कमी झाली की भुकेचं संप्रेरक वाढतं आणि गोड-तळलेल्याची ओढ जास्त लागते. पहाटे गेटाबाहेर थांबलेल्या पायांना हे कोणी सांगितलेलं नसतं, पण ते त्यांना ठाऊक असतं.

आपल्या ताटाचा इतिहास

आपल्या घरांत अन्नाचा प्रश्न नुसता चवीचा नाही. आपल्या आजा-पणज्यांनी येसकरकीच्या बदल्यात दारोदार भाकरी मागितली, उष्टं खाल्लं, दुष्काळात काय काय खाऊन दिवस काढले. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा ते ताटाबद्दल बोलत होते आणि माणूसपणाबद्दलही. त्या पिढीने उपाशी राहून ते पाळलं.

त्या भुकेची आठवण अजून आपल्या हातात आहे. म्हणून आपण पाहुण्याला आग्रह करून वाढतो, ताटात टाकलं तर रागावतो, पोर गुटगुटीत असलं की धन्य होतो. हे प्रेमच आहे. पण ज्याच्या पोटाला बँड आहे त्याच्यासाठी हाच आग्रह जाच होतो. "एकच घास, माझ्यासाठी" म्हणणारी मावशी आणि "पुन्हा जाडी झालीस" म्हणणारी मावशी बहुधा एकच असते!

थट्टेचं तर विचारू नका. २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका पोलीस निरीक्षकाचा फोटो टाकून मुंबईतल्या एका नामवंत लेखिकेने त्याच्या जाडीची चेष्टा केली. आपलं वजन आजारपणामुळे वाढलंय, असं त्याने सांगितलं. पुढे मुंबईतच त्याच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. जन्मावरून हिणवणं काय असतं हे ज्या समाजाने भोगलं, त्याने तरी कुणाला देहावरून हिणवू नये.

राजा पसेनदीचं जेवण

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची एक गोष्ट आहे. तो रोज द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा भरपेट जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला ना रागावलं, ना उपवास सांगितला, ना मागच्या जन्मीचं पाप काढलं. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य वाढतं, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला ऐकव म्हणून सांगितलं. त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचं जेवण नाळीभर भातावर आलं, शरीर हलकं झालं आणि अंगावरून हात फिरवत त्याने बुद्धांचे उपकार मानले.

या गोष्टीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. राजाने स्वतःहून मदत मागितली. खाणं एका दिवसात तुटलं नाही, हळूहळू उतरलं. आणि सुदस्सनाने ताट ओढून घेतलं नाही. जेवणाच्या वेळी तो हजर राहिला आणि आठवण देत राहिला. आज बँड बसवलेल्या प्रत्येक माणसाला घरात एक सुदस्सन हवा आहे. पहारेकरी नको.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटच्या वर्षांत फार छळलं. १९४८ मध्ये लग्न झाल्यावर माईसाहेबांनी, त्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचं पथ्यपाणी आणि औषधं सांभाळली. एवढ्या विद्वान, एवढ्या निग्रही माणसालाही पथ्यासाठी जवळचं माणूस लागलं. मग आपल्या बहिणीला लागलं तर त्यात कमीपणा कसला?

घराने काय करावं

पहिली गोष्ट, शेव-फरसाण, बिस्किटं आणि गोड पेयं घरात आणणं सगळ्यांनीच कमी करावं. एकीने टाळायचं आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर खायचं, हे टिकत नाही. तिच्या ताटात आधी डाळ, मटकीची उसळ, अंडं, मासे, दही असं ताकदीचं वाढावं. भाकरी नंतर, मऊ करून, बारीक तुकड्यांत. प्रत्येक घास अगदी बारीक चावून, सावकाश. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावं. पाळी कुठलीही असो, खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. डबा घरून गेला तर टपरीची गरज निम्मी होते.

ओढ लागली की काय करायचं? पटिच्चसमुप्पादात वेदनेनंतर तृष्णा येते असं आपण विहारात ऐकतो. त्या दोहोंमध्ये जी फट आहे, तिथेच काम करायचं. इच्छा लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ श्वासाकडे लक्ष द्यावं, जागा बदलावी, दोन घोट पाणी प्यावं, कुणाशी तरी बोलावं. आणि स्वतःला विचारावं, ही पोटाची भूक आहे, की थकवा, राग, एकटेपणा? लाट जिंकली आणि खाल्लं गेलं, तर दिवस बुडाला असं समजू नये. पुढचं जेवण वेळेवर घ्यावं आणि जे झालं ते घरात मोकळेपणी सांगावं. लपवण्याने तृष्णा पोसते.

काही गोष्टी मात्र घरात सोडवायच्या नाहीत. वारंवार उलट्या, पाणीही न उतरणं, पोटात तीव्र दुखणं, ताप, कातडीखालच्या नळीच्या जागी लाली किंवा पू असं दिसलं तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जावं. बी-१२, लोह अशा गोळ्या आणि रक्ततपासणी डॉक्टरांनी सांगितली तशी चालू ठेवावी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पौर्णिमेला अष्टशीलाचं व्रत घेऊन दुपारनंतर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सिद्धार्थाने देह जाळणारे उपवास सोडले, तेव्हाच त्याला मध्यम मार्ग दिसला. दारूबद्दल पंचशील सांगतंच. त्यात बायपास झालेल्यांना दारू फार लवकर चढते आणि काहींची अन्नाची ओढ बाटलीकडे वळते, म्हणून ती शिवूच नये. मन फार खचत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

विहाराने आणि वस्तीने

शस्त्रक्रिया म्हणजे जादू, अशी जाहिरात करणाऱ्यांना आपण विचारलं पाहिजे, की पुढची पाच वर्षं आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक कोण देणार? ऑपरेशनला होकार देण्याआधी हा प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांसमोर बसून विचारावा. सहीचा कागद नंतर.

विहारातल्या भोजनदानात लहान ताटाची सोय असावी, साखरेशिवायचा चहा एका किटलीत वेगळा ठेवावा आणि "नको" म्हणणाऱ्याचं "नको" मानावं. एमआयडीसीतल्या कामगारांनी कॅन्टीनमध्ये उसळ, अंडी, ताक मागावं. भज्यांपेक्षा ते महाग पडत असेल तर तो प्रश्न युनियनने उचलावा. आणि महिन्यातून एका पौर्णिमेला वंदनेनंतर पाच-दहा मिनिटं आपापल्या पथ्याबद्दल बोलावं. शुगरवाला, बीपीवाला, बँडवाली, सगळे एका सतरंजीवर.

पुढच्या वेळी ती बहीण टपरीसमोर उभी दिसली, तर तिच्या हातातल्या वड्याकडे बघू नका. तिच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि म्हणा, "चल ताई, घरी जाऊ. उसळ केलीय, दोघी मिळून जेवू."

जय भीम! नमो बुद्धाय!