सल्ल्याआधी श्रवण

नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा वा गुरुग्राम येथे आलेल्या मराठी माणसाला आपली व्यथा मातृभाषेत सांगण्याची संधी क्वचितच लाभते. ती लाभली, की कानी काय पडते? ‘एवढेच ना? आमचे हाल ऐकाल तर...’, ‘सकारात्मक विचार करा’, ‘मी तेव्हाच सांगितले होते!’ हेतू बहुधा चांगला असतो. परंतु तुलनेने दुःख क्षुल्लक ठरते, उपदेशाने संभाषण खुंटते आणि दोषारोपाने सांगणाराच आरोपी होतो. पुढच्या वेळी तो मौन पत्करतो, हीच खरी हानी.

१९५३ मध्ये चॅड वॅरा यांनी लंडनमध्ये आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी केंद्र उघडले. भेटीसाठी थांबलेल्यांना चहा देणारे स्वयंसेवक त्यांचे ऐकून घेत. त्यानंतर अनेकांना वॅरा यांच्या भेटीची गरजच उरत नसे. त्याच विचाराने १९८८ मध्ये दिल्लीत ‘सुमैत्री’ ही संस्था स्थापन झाली.

उपाय सुचवूच नये, असे नव्हे. मात्र आधी पूर्ण ऐकावे आणि ‘सल्ला हवा आहे, की केवळ मन मोकळे करायचे आहे?’ असे विचारावे. व्यथा गंभीर वाटल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अवश्य द्यावा.